लॉच्या शेवटच्या वर्षी पोरांना वर्गात कोंडू नका, कोर्टात बसवा

काळाकोट_कोल्हापूर
ज्युनियर वकिलांच्या ताणावर व्याख्यानं ठेवतात, प्राणायाम शिकवतात, चांगलंच आहे, पण ताण येतो कुठनं हे कुणी बघत नाही. पाच वर्षं शिकून पोरगं वकिलीची सनद घेतं आणि सीनियर म्हणतात जा, तारीख वाढवून मागायचा मुदतीचा अर्ज दे, तर अर्जात काय लिहायचं, कोर्ट फीचं तिकीट किती लावायचं, पुकारा झाल्यावर उभं कुठं राहायचं हेच ठाऊक नसतं. मागं अशील उभा, समोर जज्जसाहेब बघतायत. ही धास्ती रोजची.

बार कौन्सिलच्या नियमात ड्राफ्टिंग म्हणजे अर्ज-दावे लिहिणं, मूट कोर्ट म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, हे सक्तीचं आहे, इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. पण बऱ्याच ठिकाणी एकमेकांची डायरी उतरवायची आणि ओळखीच्या वकिलाची सही आणायची, झाली इंटर्नशिप! १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, पोरांना खुनाचं जुनं कलम ३०२ आणि नवं १०३ दोन्ही पाठ, पण जामिनाचा एक अर्ज हातानं लिहिलेला नसतो. शेवटच्या वर्षी दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी तास, असं का नको?

जुना_बार
नाही पटत. दिवाणी प्रक्रिया संहिता नीट न वाचता पोरगं कोर्टात बसलं तर रोजनामा, म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय झालं त्याची नोंद, बघून त्याला काय कळणार? पाया कॉलेजनंच घालायचा, काम आम्ही शिकवतो, आम्हीही तसंच शिकलो. खरा ताण पैशाचा आहे. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात महिना २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्या असं सुचवलं, पण गडहिंग्लज, राधानगरीतल्या वकिलाला ते झेपणार आहे का, त्याचीच फी अशील ऊस बिल आल्यावर देतो.

सनद_नवी
सर झेपत नाही मान्य, पण मग पेट्रोलचे तरी द्या की. न्यायाधीश व्हायचं तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आधी ३ वर्षं प्रॅक्टिस पाहिजे, तेवढी वर्षं घरच्यांनी पोसायचं, आणि मुलीला तर घरी दर महिन्याला लग्नाचं विचारतात.

अजून एक, १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, मुंबईच्या खेपा वाचल्या, आनंदच आहे. पण आता सीनियर सीपीआर दवाखान्यासमोर बेंचला आणि कसबा बावड्याचं जिल्हा कोर्ट आमच्यावर, फाइल सकाळी हातात, वाचायला वेळ नाही, मुदत मागितली की साहेबांचं आम्हीच ऐकायचं. रात्री छातीत धडधडतं, झोप लागत नाही, हे सांगायचं कुणाला, सांगितलं तर म्हणतात वकिली तुझं काम नव्हे.

जुना_बार
असं कुणी म्हणत असेल तर ते चूकच. १४४१६ ला फोन करा, टेलीमानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, चोवीस तास चालतो. पण ताई, साहेबांचं ऐकून घेणं हे शिक्षणच आहे, त्याशिवाय उलटतपासाला उभं राहायची हिंमत येत नाही.

काळाकोट_कोल्हापूर
सर, फाइल वाचून गेल्यावर साहेब बोलले तर ते शिक्षण. न वाचता उभं केल्यावर बोलले तर त्यातनं पोरगी काय शिकली? बेंचला जायचं आदल्या दिवशीच ठरलेलं असतं, मग फाइल आदल्या संध्याकाळी द्या आणि दहा मिनिटं बसून प्रकरण समजावून सांगा. तुम्ही तुमच्या ऑफिसात हे सुरू कराल का, तेवढं सांगा.