वाचता येण्याची अट: १९१७ आणि आपण

नमस्कार मंडळी,
परवाच्या गप्पांत मी म्हणालो तेच पुन्हा लिहितो. ज्या देशात राहायचं तिथलं लिहिता-वाचता आलंच पाहिजे. आम्ही खस्ता खाऊन शिकलो. अमेरिकेने १९१७ साली बाहेरून येणाऱ्यांना तशी अट घातली, त्यात काही वावगं नव्हतं.

———

काका, नमस्कार.
तुम्ही १९१७चा दाखला दिलात म्हणून राहवेना. ती अट इंग्रजीची नव्हतीच. सोळा वर्षांवरच्या माणसाने कुठल्याही एका भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचून दाखवायचे, बस. पूर्व युरोपातल्या ज्यूंची यिडिशही चालायची. आई, आजी, बायको यांना सूट होती.

मग त्याआधी वीस वर्षं या अटीवरून भांडण कशाचं चाललं होतं? सेनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी १८९६मध्ये सभागृहात उघडच सांगितलं, की या अटीचा फटका इटालियन, पोलिश, रशियन, ग्रीक लोकांना बसेल. इंग्रज-जर्मनांना जवळजवळ नाही. क्लीव्हलंड, टॅफ्ट आणि विल्सन, तिन्ही राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, विल्सननी तर दोनदा. विल्सन यांचं म्हणणं मला आजही पटतं: जो शिकण्याची संधी शोधत येतोय, त्याला ती आधीच मिळालेली असावी असं कसं म्हणता? शेवटी ५ फेब्रुवारी १९१७ला अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, दोन-तृतीयांश मतांनी त्यांचा नकार मोडून काढला.

आणि काका, त्याच कायद्यात आशियाचा एक मोठा पट्टा आखून त्यातल्या लोकांना बंदी घातली. हिंदुस्थान त्यात होता. विद्यार्थी, प्रवासी असे काही अपवाद सोडले, तर आपला माणूस घडाघडा मराठी वाचत बोटीवरून उतरला असता तरी परत पाठवला गेला असता. १९४६मध्ये दार उघडलं, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं.

आता घरचं सांगते. आई चौथी शिकलेली, रोज पोथी वाचते. अमेरिकी नागरिकत्वाच्या परीक्षेला बसली तेव्हा वय बासष्ट, ग्रीन कार्डाला दहा वर्षं. पंचावन्न वय आणि पंधरा वर्षं वास्तव्य असतं तर इंग्रजी माफ झालं असतं. तिला तीनपैकी एक वाक्य वाचायचं होतं, एक लिहायचं होतं. वाणसामानाच्या यादीमागे ती ‘वॉशिंग्टन’ लिहीत बसायची. अक्षरं झाली की हात आपोआप डावीकडे जायचा आणि वरून शिरोरेघ ओढायचा. पहिल्या खेपेला लेखनात नापास झाली. गाडीत बसल्यावर म्हणाली, “मला अडाणी समजले गं ते.” दुसऱ्या खेपेला पास झाली, पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

इंग्रजी शिकू नये असं मी म्हणत नाही. पण ‘अशिक्षितांना येऊ देऊ नका’ असं आपल्या ईमेल-यादीवर कुणी लिहिलं की मला ती शिरोरेघ दिसते.

———

ताई,
लॉज यांचं भाषण मला माहीत नव्हतं. इंग्रजी यावं हे मत कायम आहे, पण १९१७चा दाखला मागे घेतो. आईंना नमस्कार सांगा. शनिवारी सकाळी दहा ते बारा मी मोकळा असतो. लायब्ररीतली खोली मिळत असेल तर परीक्षेला बसणाऱ्या आजी-आजोबांना मी शिकवीन. आईंनी सरावाला वापरलेले कागद असतील तर तेवढे घेऊन या.