पाडव्यापासून आत्मचिंतनाचा नेम कसा धरावा?

प्रश्न (इंदूर)
आमच्याकडे गुढी, पंचांगपूजन, श्रीखंडपुरी सारे यथासांग होते. परंतु दुपारची जेवणे उरकली की नवे वर्ष लागल्याची जाणीवही ओसरते. नोकरी आणि सासूबाईंचे पथ्यपाणी सांभाळून झेपेल, असा एखादा नेम जाणकारांनी सुचवावा.

उत्तर १
चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंत रामाचे नवरात्र असते, तेव्हा वर्षभराचा संकल्प करण्याऐवजी तो नऊच दिवसांचा करावा. सायंकाळी दिवा लावल्यावर १०८ मण्यांची एक माळ रामनाम घ्यावे आणि आज आपण कोणाला टाकून बोललो, हे आठवावे. माळ राहिली तरी चालेल. आठवणे चुकवू नये.

उत्तर २
आपल्या माळव्यात याला आणखी एक सोय आहे. शेजारच्या हिंदीभाषक घरांत महिना पौर्णिमान्त असल्याने होळीनंतर लगेच चैत्र लागतो, मात्र विक्रम संवत बदलतो तो आपल्या शकाबरोबर, पाडव्यालाच (शके १९४८ म्हणजे संवत २०८३). मधला कृष्ण पक्ष मागील वर्षाच्या हिशेबासाठी, रुसवेफुगवे मिटवण्यासाठी राखावा.

उत्तर ३
कडुनिंबाची कोवळी पाने ओवा, मिरी, हिंग, चिंच, गुळासह वाटून आपण खातो, तीही हल्ली नखाएवढी! ती चटणी सासूबाईंच्या हातून घ्यावी आणि पंचांगातील संवत्सरफल त्यांनाच वाचायला सांगावे. त्यांचे पथ्यपाणी नेमाच्या आड येते, असे मला तरी वाटत नाही.