रंगवलेल्या डायलचं घड्याळ कलेक्शनमध्ये ठेवावं का? ‘मुंबई स्पेशल’वरून वाद

चावीवाला (नेरुळ)
हल्ली कुणी जुन्या एचएमटीचा नाहीतर फेवर ल्युबा घड्याळाचा फोटो टाकला की पहिली कमेंट ठरलेली, ‘रिडायल आहे, मुंबई स्पेशल, पैसे पाण्यात’, की संपला विषय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबई स्पेशल म्हणजे डायल खरवडून नव्याने रंगवलेलं, केसला बफिंग मारून चकाचक केलेलं आणि हाताला येतील ते काटे बसवलेलं जुनं घड्याळ. अशी घड्याळं आपल्याकडून ऑनलाइन ढिगाने बाहेर गेली आणि परदेशातल्या कलेक्टरांनी हे नाव पाडलं. आता आपणच ते शिवीसारखं वापरतो याचा मला राग येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. चावीचं घड्याळ समजून घ्यायचं तर मागचं झाकण उघडा. आत मेनस्प्रिंग, चक्रांची रांग, एस्केप व्हील, पॅलेट फोर्क, झोके घेणारं बॅलन्स चक्र आणि केसासारखी ती हेअरस्प्रिंग. एचएमटी जनता मॉडेलचं मशीन १७ ज्वेलचं (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. फोनवरच्या अॅपवर नाहीतर टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके मोजणाऱ्या यंत्रावर लावून बघा, अॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, २७० अंशांच्या आसपास आलं तर समजायचं मशीन धडधाकट. ते नीट असेल तर वरचा डायल १९७५ चा आहे की गेल्या वर्षी रंगवलाय, काय फरक पडतो? आपली हवा बघा ना. चार महिने पाऊस, बाकीचे महिने घाम, आतलं रबरी सील, म्हणजे जुना गॅस्केट गेला की चावीच्या बाजूने दमट हवा आत शिरणार आणि डायलवरच्या लॅकरला फोड येणारच. ज्याचं रोजचं एकमेव घड्याळ होतं त्याने डायल रंगवून घेतला तर त्याचं काय चुकलं?

टिकटिक_नौपाडा
चुकलं त्याचं काहीच नाही, चुकतंय तुमचं. त्याने वापरायला दुरुस्त केलं, तुम्ही जमवायला विकत घेताय. ही दोन वेगळी कामं आहेत साहेब.

मशीन मशीन करता, पण एकच मशीन कंपनी कितीतरी मॉडेलांत घालते. मग घड्याळाची ओळख कशावरून? डायलवरून! छपाईची जाडी, आकड्यांचं वळण, खालची बारीक ओळ, वर्षानुवर्षं उन्हाने आलेला पिवळेपणा. हे एकदा पॉलिश पेपरने घासलं की गेलं, परत येत नाही. मोठं उदाहरण घ्या, हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनची स्वतःची रोलेक्स डेटोना, २०१७ मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेली. आतलं मशीन मुळात व्हॅल्जू कंपनीच्या ७२ नंबरच्या मशीनवर बेतलेलं, तेच व्हॅल्जू इतर कितीतरी कंपन्यांच्या क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉचवाल्या घड्याळांत टिकटिकत होतं. अर्थात पैसा नावाचाही होता, मान्य. पण त्याच्या घड्याळासारख्या वेगळ्या धाटणीच्या डायलच्या ज्या डेटोना कधी त्याच्या मनगटावर नव्हत्या त्यासुद्धा साध्या डायलवाल्यांपेक्षा कैकपट महाग जातात. तो डायल कुणी केशरी रंगात रंगवला असता तर?

चावीवाला (नेरुळ)
@टिकटिक_नौपाडा म्हणजे तुम्ही लिलावाचं बोलताय, मी घड्याळाचं. मी दीड-दोन हजारांचं घड्याळ घेणारी माणसं धरून लिहितोय, त्यांच्यात डेटोना कुठून आणली मध्येच.

सेल बदलला की झालं
दोघांनाही नमस्कार 😄 सेकोने २५ डिसेंबर १९६९ ला अॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ काढलं त्याच दिवशी हा वाद संपला होता. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, साधं सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे, आणि तुमच्या सर्टिफाइड स्विस क्रोनोमीटरला रोज उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची सूट, ती पण कौतुकाने. मी ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे-वाशी करतो, मला ८.१२ पकडायचीय, हेअरस्प्रिंग नाही.

टिकटिक_नौपाडा
@सेल बदलला की झालं वेळ बघायला फोन आहे ना खिशात, मग तुम्ही तरी घड्याळ का घालता? पुढे.

बाबांचं दुकान
मी सहसा लिहीत नाही पण इथे राहवलं नाही. आमचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं ठाण्यात, आता बंद केलं. डायल पेंटिंग हा तेव्हा रोजचा धंदा होता, आणि लपूनछपून काही नव्हतं. गिऱ्हाईक स्वतः सांगायचं, ‘डायल काळा पडलाय, नवा करून द्या, पोराच्या लग्नात घालायचंय.’ बाबा काटे काढायचे, डायलचे मागचे दोन पाय सांभाळून तो सोडवायचे, कागदाच्या पुडीत घालून त्यावर नाव लिहून पेंटरकडे पाठवायचे. तो जुना रंग उतरवून, पत्रा घासून, स्प्रे मारून वर छाप उठवायचा. पण काही डायलच्या पत्र्यावर मध्यापासून निघणाऱ्या किरणांसारख्या बारीक रेघा असतात, उजेडात घड्याळ फिरवलं की त्या चमकतात, त्या घासण्यात जायच्या. बाबा गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे की ती चमक परत येणार नाही. लोक म्हणायचे चालेल, पांढरा स्वच्छ दिसला म्हणजे झालं.

तेव्हा ही फसवणूक नव्हती हे चावीवाल्यांचं बरोबर आहे. पण नंतर जे सुरू झालं ते वेगळं. व्यापारी किलोच्या भावात बंद घड्याळं उचलायला लागले, एकाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे, आणि वर कंपनीने जन्मात न काढलेला पोपटी डायल. ही दुरुस्ती नाही हो.

चावीवाला (नेरुळ)
@बाबांचं दुकान शंभर टक्के. त्याला फ्रँकनवॉच म्हणा आणि लाथ घाला, माझी ना नाही. मी बोलतोय ते एकाच घड्याळाचं, ज्याचं सगळं त्याचंच आहे, फक्त डायल रंगवलाय, आणि विकणारा तसं सांगून विकतोय. दोघांना एकाच दोरीवर का वाळत घालता?

घोडबंदर घोडा
कारण विकणारा सांगत नाही!!! ‘ओरिजिनल व्हिंटेज, रेअर कलर’ लिहून टाकतो. सांगून विकणारा एक दाखवा.

टिकटिक_नौपाडा
आणि अजून एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. रंगीत डायलला मागणी आहे म्हणून चांगले, फक्त थोडे डागाळलेले अस्सल डायलसुद्धा खरवडले जातात. व्यापाऱ्याला डाग म्हणजे कमी भाव, मला डाग म्हणजे पुरावा. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूला घड्याळं सुरू केली, जानेवारी २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे त्या काळातले जेवढे अस्सल डायल आज आहेत तेवढेच, ते वाढणार नाहीत, फक्त कमी होणार. देवनागरी आकड्यांची जनता बघा, तिचा मूळ डायल हातात घेतला तर आकड्यांचे फाटे, वेलांट्या कशा नेमक्या बसवल्यात ते कळतं. रिडायलमध्ये तेच आकडे सुजल्यासारखे दिसतात. तुम्ही दर वेळी ‘मशीन चांगलंय ना, मग घ्या’ म्हणता तेव्हा पुढचा डायल घासायला पैसे देता.

चावीवाला (नेरुळ)
हा मुद्दा वजनदार आहे, पण उत्तर आहे माझ्याकडे. ती घड्याळं कुणी घेतलीच नाहीत तर ती जपून राहत नाहीत, भंगारात जातात, मशीनसकट. डायल गेला म्हणून मशीनलाही मारायचं का? मी रिडायल घेतो, उघडतो, तेल करून घेतो, आणि ते रोज चालतं. तुमचे अस्सल डायल डबीत सिलिका जेलबरोबर झोपलेत.

टिकटिक_नौपाडा
झोपलेत ते बरंय. जागे राहिले असते तर आत्तापर्यंत पोपटी झाले असते.

नवीन_खारघर
सगळ्यांचं वाचतोय, डोकं गरगरलंय. मी काल एक जुनं सेको फाइव्ह घेतलं, डायल जांभळा आहे. हे पण मुंबई स्पेशल का? कसं ओळखायचं ते कुणीतरी शिव्या न देता सांगा प्लीज.

बाबांचं दुकान
@नवीन_खारघर दहा पटीचं भिंग घे, नसेल तर फोनने झूम करून फोटो काढ. सहाच्या आकड्याच्या खाली, डायलच्या अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात एक कोड असतो. उदाहरणार्थ मशीन ७००९ असेल तर कोड ७००९ ने सुरू व्हायला हवा, आणि मागच्या झाकणावरही तोच मशीन नंबर हवा. कोड नसेल किंवा जुळत नसेल तर डायल रंगवलेला तरी आहे नाहीतर दुसऱ्या घड्याळाचा. मग मिनिटांच्या रेघा बघ, तासांच्या उठावदार खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का, की सरकल्यात. तारखेच्या खिडकीच्या कडांना रंग थापलाय का तेही बघ. सेकोत आणखी सोय म्हणजे झाकणावरच्या सीरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. दशक मात्र मॉडेलवरून काढावं लागतं.

घोडबंदर घोडा
आणि काट्यांवरचा जुना रेडियम नखाने खरवडू नका रे कुणी. सेकोचं नाही म्हणत, पण १९५०-६० ची स्विस घड्याळं हातात आली तर खरं, किरणोत्सर्गी रेडियम असू शकतं, त्याची धूळ नाकात जाणं वाईट. घरी उघडूच नका.

नवीन_खारघर
बघितलं. झाकणावर ७००९, डायलवर कोडच नाही, खाली नुसता जांभळा. रेघा पण एका बाजूला सरकल्यात 😭 पण चालतंय मस्त, दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं. परत करू का?

चावीवाला (नेरुळ)
त्या वयाच्या सेकोला अर्धा मिनिट म्हणजे काही वाईट नाही. कमी पैशात घेतलं असशील तर ठेव. घड्याळजीला आधी विचार की मशीन पूर्ण सोडवून साफ करणार की नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेल सोडणार. दुसरं उत्तर आलं तर घड्याळ उचल आणि नीघ.

टिकटिक_नौपाडा
परत कर आणि विकणाऱ्याला कोड नसलेल्या डायलचा फोटो पाठव, म्हणजे पुढच्याला तरी ‘ओरिजिनल’ म्हणून विकणार नाही. आणि नाहीच परत केलंस तर त्याचा डायल ‘मूळ रंगात’ वगैरे करायला देऊ नकोस, दोनदा घासलेला पत्रा बघवत नाही.