कोरड्या रानातलं बी तहान लक्षात ठेवतं का? मालदांडीचं बियाणं धरण्यावरून

मंगळवेढेकर

बियाणं धरण्यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत, म्हणून इथं मांडतो. आमची आठ एकर काळी. विहिरीजवळच्या दीड एकराला दोन पाणी मिळतं, बाकीची मालदांडी ज्वारी हस्ताच्या ओलीवर. आबा बियाण्याची कणसं कायम वरच्या कोरड्या रानातलीच काढतात. त्यांचं म्हणणं, ज्या बियानं तहान बघितली तेच पुढं तहान काढतं. यंदा धाकट्या भावानं विहिरीजवळची कणसं बाजूला ठेवली. दाणा टपोरा, उगवण चांगली होईल म्हणून.

माझं मत आबांच्या बाजूचं आहे, आणि ते नुसतं मान राखायचा म्हणून नाही. पाण्याचा ताण पडला की पिकाच्या पेशीत शेकडो जनुकं चालू-बंद होतात, हे आता पक्कं झालेलं आहे. डिसेंबरात जमीन भेगाळते तेव्हा ज्वारी पानांची सुरळी करते, पानावर आणि ताटावर पांढरं मेण चढवते, मुळं खाली पाठवते. कोवळेपणी ताण बसला तर पानात विष वाढतं. म्हणून तर पाण्याविना मुरकटलेली कोवळी ज्वारी गाईला घालत नाहीत. हे सगळं जनुकांच्या हुकमानं चालतं. मग ज्या झाडानं दोन महिने हे हुकूम पाळले, त्याच्याच पोटात वाढलेलं बी कोरं कसं राहील? माझ्या मते ते शिकूनच बाहेर पडतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकण्याचं फळ आहे.

जीवशास्त्र शिक्षिका, सोलापूर

दादा, तुमचे आबा कणसं बरोबर ठिकाणची काढतात, पण तुम्ही दिलेलं कारण मला मान्य नाही. कारण चुकलं तर पुढं पद्धतही चुकते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ताटात काय होतं ते. पेशीतलं पाणी घटलं की अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. एरवी पेशीत एक प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला दाव्याला बांधून ठेवतं. या संप्रेरकाला ओळखणारी ग्राहक प्रथिनं २००९ साली सापडली आणि कोडं सुटलं: संप्रेरक ग्राहकाला चिकटतं, ग्राहक त्या बांधणाऱ्याला धरून ठेवतो आणि दावं सुटतं. सुटलेलं प्रथिन दोन कामं करतं. पानावरची छिद्रं मिटवतं, आणि जनुकांच्या पुढच्या भागावर बसणाऱ्या नियंत्रकांना जागं करतं. मग पेशी सुकताना आतली प्रथिनं सांभाळणारी प्रथिनं तयार होतात, प्रोलीनसारखी पाणी धरणारी द्रव्यं साठतात. हे संप्रेरक नसतानाही चालणारी दुसरी वाट आहे. उष्णतेची तर वेगळीच फळी आहे, आणि तिचा पहिला सुगावा १९६२ साली इटलीच्या रितोसा यांना फळमाशीत लागला होता.

आता मुद्दा. जनुक चालू होणं वेगळं आणि जनुक बदलणं वेगळं. मे महिन्यात सोलापुरात आपण दुपारी खिडक्या लावून घेतो, पण म्हणून घराला खिडक्या वाढत नाहीत. पाणी मिळालं की यातली बहुतेक जनुकं काही तासांत, काही दिवसांत मूळ पातळीवर येतात. आणि ते यायलाच हवं, कारण छिद्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, झाड अर्धपोटी राहतं. जपानमध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपात ताणाचा एक नियंत्रक कायमचा चालू ठेवून पाहिला. रोपं काटक झाली, पण खुरटली. तोच नियंत्रक ताण आल्यावरच चालू होईल अशी जोडणी केली तेव्हा वाढ बरीच सुधारली. काटकपणाची किंमत असते आणि ती दाण्यात मोजावी लागते.

सांगोल्याचा डाळिंबवाला

मॅडम, काही तासांत सगळं पूर्ववत होतं हे मला पटत नाही. आमचा सगळा धंदाच ताणावर आहे. बहार धरताना आम्ही बागेचं पाणी तोडतो, जमिनीप्रमाणे महिना-दीड महिना. पानं पिवळी पडतात, उरलेली औषध मारून गाळतो, छाटणी करतो, मग खत घालून पाणी सोडतो. पाणी देऊन पंधरा-वीस दिवस झाले तरी झाड ताणाचा हिशेब चुकता करत असतं, आणि तो हिशेब म्हणजे आमच्या कळ्या. ताण नीट बसला नाही तर झाड नुसतं पालवतं. पाणी आल्यावर ताण विसरला असता तर कळी निघाली असती का?

माझं मत मंगळवेढेकरांच्या बाजूनं. आपल्या भाषेत 'ताण देणे' हा शब्द पुस्तकातून आलेला नाही.

मोहोळकर

चर्चा मोठी होतेय, पण साधी गोष्ट कुणी बोलत नाही. मालदांडी ३५-१ हा वाणच आमच्या मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला. लक्षात घ्या, 'निवडून'. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. तेवढ्या काळात त्या लोकांनी ताटांना तहान शिकवत बसण्यापेक्षा हजारो ताटांतून चांगली ताटं वेचली. आज हलक्या रानाला फुले अनुराधा आहे, भारी रानाला फुले वसुधा आहे. घरचं बी वर्षानुवर्षं धरून भेसळ वाढवण्यापेक्षा प्रमाणित पिशवी आणावी. आठवणीबिठवणीवर मी बियाणं धरणार नाही.

धाकटा भाऊ, मंगळवेढा

दादानं माझं नाव न घेता माझी बाजू अर्धीच सांगितली, म्हणून लिहितो. गेल्या हंगामात वरच्या रानात पोटरीतच ओल संपली. कणसं निम्मी बाहेर आली, दाणा बारीक, काही चिमलेला. ते बी पेरायचं म्हणजे रोपाला शिदोरीच न देता गाव सोडायला लावणं. आपल्याकडं बी खोल पेरतो, वरची माती लवकर वाळते, कोंब जोरात वर यायला दाण्यात पिष्ट हवं. आबांचा अनुभव मी नाकारत नाही. पण आबांच्या काळात विहिरीला पाणीच नव्हतं, तेव्हा टपोरं बी निवडायची सोयच नव्हती. सोय नव्हती तिचं आपण शास्त्र करू नये, एवढंच माझं म्हणणं.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, बार्शी

मला आठवणीची बाजू नीट मांडावीशी वाटते. ती भोळी समजूत नाही.

अमेरिकेत नेब्रास्कात २०१२ साली अरॅबिडॉप्सिसवर काम झालं. रोपं सुकवली, पाणी दिलं, पुन्हा सुकवली. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी रोपांनी अंगातलं पाणी पहिल्यापेक्षा सावकाश गमावलं आणि ताणाची काही जनुकं पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जोरात चालू झाली. मधल्या ओल्या काळात ती जनुकं शांत होती, पण डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांवरची खूण तशीच होती, आणि जनुक वाचणारं यंत्र जणू दारात उभं होतं. म्हणजे 'पूर्ववत' दिसणारं झाड आतून पूर्ववत नसतं.

पुढच्या पिढीचं म्हणाल तर प्राण्यांत पुनरुत्पादनाच्या पेशी गर्भातच वेगळ्या पडतात. झाडात तसं नाही. ज्या शेंड्यानं उन्हं सोसली, त्याच शेंड्यातून कणीस निघतं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणारे लिनेयस यांनी १७४४ मध्ये वर्णन केलेलं लिनारिया या रोपट्याचं एक विचित्र फूल आहे. १९९९ साली कळलं की त्यात डीएनएची अक्षरं बदललेलीच नाहीत, एका जनुकावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के बसून ते बंद पडलं आहे, आणि ते बंद पडणं बियातून पुढं जातं. तेव्हा अक्षरं न बदलता वारसा जाऊ शकतो, एवढं तरी मान्य करा, मॅडम.

जीवशास्त्र शिक्षिका, सोलापूर

मान्य करते. पण त्याच प्रयोगाचा पुढचा भागही सांग ना! पाच दिवस पाणी मिळेपर्यंत ती आठवण टिकली, सातव्या दिवसापर्यंत गेली. झाडाच्या आयुष्यातली आठवण मला पूर्ण मान्य आहे, आणि ती शेतात उपयोगी आहे. हंगामाच्या सुरुवातीला हलका ताण बसलेलं पीक पुढचा ताण बरा सोसतं, हे शेतकऱ्यांनी पाहिलेलं असतं. पण बी तयार होताना यातल्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात. लिनारियाचं उदाहरण सुंदर आहे, फक्त ते शिक्के दुष्काळानं बसलेले नाहीत. ताणानं बसलेल्या खुणा पुढच्या पिढीत दिसल्या तरी ताण नसला की बहुधा एक-दोन पिढ्यांत विरतात. एवढ्या भरवशावर मी कुणाला वर्षाचं पीक लावायला सांगणार नाही.

डाळिंबवाले दादा, तुमची कळी हा जनुकांच्या चालू-बंद होण्याचाच परिणाम आहे, वाद नाही. ताणात वाढ थांबते, फांदीत अन्नसाठा वाढतो, आणि पाणी आल्यावर त्या साठ्यावर फूल येतं. म्हणजे झाडाची अवस्था बदललेली असते. तुमच्याकडं मात्र एक खरी वेगळी बाब आहे. डाळिंब गुटीनं, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून वाढवतात, मध्ये बी येतच नाही, मग खुणा पुसायची ती पायरीही येत नाही. कॅनडात पॉपलर झाडाच्या एकाच वाणाच्या फांद्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकत्र वाढवल्या, तर काही वाणांत ताणाला दिलेलं उत्तर फांदी कुठून आली यावर बदललं. ते २०११ साली प्रसिद्ध झालं. गुटी कोणत्या बागेतली घेता याला महत्त्व असू शकतं.

आता मंगळवेढेकर दादांसाठी खरी गोष्ट. तुमच्या आबांचं बी चांगलं का, याचं माझ्या मते उत्तर मोहोळकरांच्या 'निवडून' या शब्दात आहे. घरच्या मालदांडीत सगळी ताटं एकसारखी नसतात. कुणाचं मूळ खोल, कुणाची पानं दाणा भरेपर्यंत हिरवी, कुणी वरचा पसारा आवरता ठेवून ओल शेवटासाठी राखतं. विहिरीजवळ हा फरक झाकला जातो, सगळीच ताटं भरतात. कोरड्या रानात तो उघडा पडतो. आबा तिथली भरलेली कणसं वेचतात, म्हणजे नकळत पैदासकाराचं काम करतात. ताट शिकत नाही, आबा निवडतात.

यानं फरक काय पडतो? आठवण खरी असती तर कोरड्या रानातलं कुठलंही कणीस चाललं असतं, एका हंगामात काम झालं असतं, आणि पिशवीतलं शुद्ध वाणाचं बीसुद्धा तुमच्या रानात एक वर्ष राहून सुधारलं असतं. निवड खरी असेल तर यातलं काहीच होत नाही. शुद्ध वाणात निवडायला फरकच उरलेला नसतो. घरच्या बियात तो असतो, पण तिथंही पुष्कळ ताटांतून, दरसाल, नजर ठेवून वेचावं लागतं.

मोहोळकर

मॅडम, मग माझीच पिशवी बरी ना? शुद्ध वाणावर संशोधकांनी ही निवड आधीच केलेली आहे.

मंगळवेढेकर

मोहोळकर, पिशवी सगळ्या रानांसाठी असते. माझी काळी पाच हात खोल आहे आणि बांधापलीकडं मुरूम लागतो. तुमची पिशवी मी दोनदा आणली. कडबा घरच्यापेक्षा कमी पडला, भाकरी आईला आवडली नाही. ज्यात फरक शिल्लक आहे ते बी गावात कुणीतरी सांभाळलंच पाहिजे, नाहीतर उद्या तुमचे संशोधक निवडणार कशातून?

मॅडम, तुमचं पटतंय, पण पूर्ण नाही. आबा कणसं वेचतात तेव्हा मोठं कणीस बघून वेचत नाहीत. ताटाची खालची पानं हिरवी आहेत का, ते बघतात. तुमची निवडीची गोष्ट त्याला जुळते, हे खरं. पण आठवण शून्य आहे असं तुम्हालाही म्हणता येत नाही.

सांगोल्याचा डाळिंबवाला

आता तर जनुकच कापून दुरुस्त करतात. मे २०२५ मध्ये आपल्याच देशात संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले, त्यातला पुसा डीएसटी दुष्काळ आणि खार सोसण्यासाठी. ज्वारीत असं झालं तर हा वादच मिटेल.

जीवशास्त्र शिक्षिका, सोलापूर

त्यात ताण सोसण्याला आवर घालणारं एक जनुक निकामी केलं आहे, त्यामुळे पानावरची छिद्रं कमी होतात. भाताचं गणित वेगळं, पावसाळी. आपली ज्वारी साठलेल्या ओलीवर जगते, तिथं पाणी किती वापरलं याहून कधी वापरलं हे मोठं. मी संपादनाच्या विरोधात नाही, पण त्यानं हा वाद मिटत नाही.

दादा, शून्य म्हणत नाहीच मी. मोजून बघा. कोरड्या रानातली कणसं आणि विहिरीजवळची कणसं, दोन्ही एकाच मूळ बियाण्याची. दाणे चाळणीनं सारख्या आकाराचे घ्या, नाहीतर धाकट्या भावाची शिदोरी मध्ये येईल. भाऊ, तुमचा तो मुद्दा अगदी रास्त आहे. आणि कणसं निवडू नका, डोळे मिटून शंभर-शंभर ताटांची घ्या, म्हणजे निवड बाजूला पडेल. आलटून-पालटून आठ पट्टे पेरा. फरक दिसलाच तर तो बियात उतरलेल्या ताणाचा.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, बार्शी

एकच पिढी पुरणार नाही, मॅडम. फरक दिसला तरी तो बियाच्या पोषणाचा असू शकतो. त्या आठ पट्ट्यांतलं बी पुन्हा एकाच रानात पेरून दुसऱ्या वर्षी मोजावं लागेल. मी येतो मोजायला, दोन्ही वर्षं.

धाकटा भाऊ, मंगळवेढा

दादा, मी तयार आहे. पण पट्टे विहिरीजवळ नकोत आणि वरच्या रानातही नकोत, नाहीतर ज्याचं रान त्याचं बी जिंकलं म्हणशील. मधल्या तुकड्यात घेऊ.

मंगळवेढेकर

आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, मधल्या तुकड्यात पूर्वेच्या अंगाला चोपण आहे, पट्टे आडवे टाका म्हणजे प्रत्येकाला थोडं-थोडं येईल. आणि आठही पट्ट्यांना कोळपणी एकाच दिवशी, सारखीच. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. डोळे मिटून कणसं काढायला मात्र ते तयार नाहीत, ते काम धाकट्यानं करावं म्हणाले.