लावणीच्या व्हिडिओत समेवरचा कट कुठे घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही तीन मिनिटांची लावणी बसवून दोन फोनवर चित्रित केली आहे. एक फोन समोर ट्रायपॉडवर होता, त्यात नर्तकी डोक्यापासून पायांपर्यंत दिसते. दुसरा डावीकडून चेहरा आणि हात टिपत होता. संकलन करताना एका जागी मी अडलो आहे.

सुरुवातीचा भाग बैठकीच्या लावणीच्या अंगाने आहे. एकच ओळ ती बसून पुन्हापुन्हा घेते आणि भाव बदलत जातो. आधी लटका राग, मग आर्जव, शेवटी खट्याळ होकार. तिथे सारे काही डोळ्यांत आणि पदराच्या काठाशी खेळणाऱ्या बोटांत असल्यामुळे जवळची फ्रेमच योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढे ढोलकीची लय दुप्पट होते, ती उठून तोडा (पदन्यासाचा बांधलेला तुकडा) घेते आणि तिहाईच्या (तीनदा घेतलेल्या तुकड्याच्या) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाच आपटताना त्याच क्षणी मान वळवून नजर टाकते. दुरची फ्रेम ठेवली तर मोबाइलच्या पडद्यावर नजर दिसत नाही, आणि जवळची घेतली तर पाय जातात. नेमका समेवर कट घेतला की ठोका नर्तकीचा न राहता कटाचा वाटतो, जे मला मुळीच पटत नाही. अर्धी मात्रा आधी, मान वळू लागताच कट घेतल्यास हालचाल सलग राहते, पण टाच फक्त ऐकू येते. पाय न दाखवता घुंगरांच्या आवाजावर सम पेलते का?

त्यासाठी घुंगरे तंतोतंत जुळायला हवीत. फोनचा फ्रेमदर (सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या) बदलता असल्याने शेवटाकडे आवाज सरकतो. म्हणून मूळ फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमदरात आणून मगच कट करण्याचा विचार आहे. ध्वनिमुद्रित गाण्याखाली घुंगरांचा आवाज सलग ठेवावा की फक्त तोड्यात उचलावा, हेही जाणकारांनी सांगावे.

हॉल पुन्हा मिळू शकतो. तेथील ट्यूबलाइटची लुकलुक टाळण्यासाठी शटर 1/50 सेकंदावरच ठेवू. तेव्हा फक्त तिहाईचा तुकडा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवून किंचित वरच्या दिशेने घेतल्यास टाच आणि नजर दोन्ही एकाच फ्रेममध्ये नीट दिसतील का, की नऊवारीचा घेर चेहऱ्याआड येईल? असे चित्रीकरण कोणी केले असल्यास कॅमेऱ्याचे अंतर आणि कोन कृपया कळवावा.