अकाउंट लॉक झालंय, पत्रिकेची फाईल आत अडकलीय, फॉरमॅट न मारता काय करता येईल?

निपाणी_डीटीपी:
नमस्कार मंडळी, लई टेन्शनमध्ये लिहितोय, कुणाला ठाऊक असेल तर लगेच सांगा. निपाणीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, बारशाची कार्डं, सगळं मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण, कारण आपल्याकडं नवरी निपाणीची आणि नवरा गोकाकचा असं असतंयच, मग पत्रिकेला एका बाजूला मराठी आणि मागं कन्नड. आज तशीच एक पत्रिका चालू होती. कन्नड मजकूर पाव्हण्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, त्यातली नावं दुरुस्त केली आणि जेवायला घरी गेलो. तासाभरानं आलो तर कॉम्प्युटर झोपलेला, उठवून पासवर्ड टाकला तर चुकीचा म्हणतोय. परत टाकला, परत तेच. दोन वर्षं हाच पासवर्ड आहे, बोटं आपोआप जातात, तरीपण घेईना. पोराला फोन लावला, कॅप्स लॉक बघितला, मोठी लिपी लहान लिपी सगळं करून झालं, दहा-बारा वेळा तरी टाकला असेल. आता म्हणतोय अकाउंट लॉक झालंय, लॉगिन करता येत नाही. एका दुरुस्तीवाल्याला विचारलं तर फॉरमॅटच मारावं लागतंय म्हणाला. पत्रिका सेव्ह केलेली नाही ओ, म्हणून रीस्टार्ट पण केलेलं नाही, आणि लाईट गेली तर यूपीएस जास्त वेळ टिकत नाही. विंडोज ११ आहे, दोन वर्षांमागं नवीनच घेतलेला. परवा प्रेसला द्यायची आहे, मुलीचे वडील सकाळपासून दोनदा येऊन गेले, त्यांना काय सांगू कळेना झालंय.

टिळकवाडी_हार्डवेअर:
दादा पहिलं म्हणजे फॉरमॅट मारू नका, आणि रीस्टार्ट केलं नाही ते लई बरं केलं. काही बिघडलेलं नाही. विंडोज ११ नवीन मशीनवर, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, हा नियम आधीच चालू असतो, १० वेळा पासवर्ड चुकला की अकाउंट १० मिनिटं बंद. कुणी लांबून पासवर्ड ओळखत बसू नये, एकामागून एक हजारो शब्द टाकून बघू नये म्हणून केलंय. जुन्या विंडोजवरून अपडेट करून आलेल्या मशीनला हे आपोआप लागत नाही म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलेलंच नसतं.
आता महत्त्वाचं सांगतो. लॉक असताना तुम्ही अगदी बरोबर पासवर्ड टाकला तरी तो आत सोडत नाही. माणूस घाबरून टाकत राहतो, त्यात एखादा बरोबर पण असतो, आणि मग त्याला वाटतं की आपणच विसरलो किंवा कुणी बदलला. म्हणून हात काढा, चहा घ्या, घड्याळ लावून १५ मिनिटं कीबोर्डला बोट लावू नका. मग एकदाच, सावकाश. आणि त्याआधी पहिल्यांदा तो का चुकत होता ते शोधा, नाहीतर परत तिथंच येऊन अडकाल.

खानापूरची_ताई:
मला वाटतंय कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. कन्नडमधली नावं दुरुस्त केली म्हणालात, ती नुडीत, म्हणजे त्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, केली की विंडोजच्या कन्नड कीबोर्डनं? विंडोजचा कीबोर्ड असेल तर झोपायच्या आधी तो कन्नडवरच राहिला असणार, आणि पासवर्डच्या पडद्यावर पण तोच चालू राहतो. तुम्ही इंग्रजी अक्षराचं बटण दाबताय आणि आत कन्नड अक्षर पडतंय, दिसताना मात्र नुसते काळे ठिपके, कसं कळणार? मी फॉर्म भरायचं सेंटर चालवते, पहाणीचे म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचे अर्ज, स्कॉलरशिपचे अर्ज, दिवसभर कन्नड-मराठी-इंग्रजी बदलत असतो, आमच्याकडं हे दोन महिन्यांत तीनदा झालं, पहिल्या वेळी मी पण रडकुंडीला आले होते.
खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं छोटं अक्षर दिसतंय का बघा. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. आणि पासवर्ड टाकताना शेवटाला डोळ्याचं चित्र येतं, ते दाबून धरलं की काय टाईप झालंय ते दिसतं. एंटर मारायच्या आधी ते बघाच. आकडे बाजूच्या कीपॅडवरून टाकत असाल तर नम लॉक पण बघा, बंद असेल तर आकडा पडतच नाही.

निपाणी_डीटीपी:
ताई, हात जोडतो तुम्हाला. नेहमी नुडीच वापरतो, आज मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालतात त्या अक्षरांत, आला म्हणून विंडोजचा कन्नड लावला होता आणि डोक्यातूनच गेलं. पाव तास थांबलो, कोपऱ्यात बघितलं तर खरंच कन्नड, बदलून डोळ्यावर दाबून बघितलं, एकदाच एंटर मारला आणि फाईल तशीच्या तशी उघडी. पहिल्यांदा सेव्ह केली, मग पेनड्राईव्हवर एक. मुलीच्या वडिलांना फोन केला, त्यांना पण बरं वाटलं. आता ही १० ची मर्यादा काढून टाकू का? पोरगा म्हणतोय पिन लावा, चार आकडे, सोपं पडतंय.

टिळकवाडी_हार्डवेअर:
मर्यादा काढू नका. तुमच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या आधारच्या झेरॉक्स, फोटो, सगळं असतंय, कुणाचं तरी विश्वासानं दिलेलं आहे ते. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट अकाउंट्स टाईप केलं की किती वेळा आणि किती मिनिटं ते दिसतं, बघून ठेवा एवढंच.
पिन लावा, चालेल, पण चार नको, सहा आकडे घ्या. पिन बऱ्याच वेळा चुकला की ए१बी२सी३ असं टाईप करायला सांगतो, इंग्रजीतच, म्हणजे माणूस मुद्दाम टाकतोय की बटणं अशीच दाबली जातायत ते बघतो. तरी चुकला तर मशीन रीस्टार्ट करायला लावतो, आणि रीस्टार्ट म्हणजे सेव्ह न केलेलं गेलं. म्हणून पासवर्ड पण विसरू नका.
अजून एक, आजच करा. नवीन मशीनची डिस्क बऱ्याचदा आतून कुलूपबंद असते, कधी बायोस (मशीन चालू करणारा आतला प्रोग्राम) अपडेट झाला किंवा मदरबोर्डाचं काम केलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसली तर मग मी काय, कुणीच डेटा काढू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करत असाल तर बहुतेक त्या अकाउंटमध्ये असते, मोबाईलवरून उघडून बघा.

निपाणी_डीटीपी:
सापडली ओ. हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, पोरानं आकडे मोठ्यानं वाचले आणि मी दोनदा ताडून बघितले. वही घरी ठेवतोय, दुकानात नाही.