जगातले धर्म मुलांना शिकवायचे तर तक्त्यापासून की उरवाईच्या मूर्तींपासून?

दौलतगंज (धागाकर्ता)
ग्वालियरच्या लष्कर भागातल्या मराठी मुलांसाठी आपल्या मंडळातर्फे सुट्टीत 'जगातले धर्म आणि धर्मावरून होणारी भांडणं' असा चार दिवसांचा वर्ग घ्यावा, असं घाटतंय. मुलं २४, वय १३ ते १५, रोज सव्वा तास. मसुद्यात नेहमीचा तक्ता आहे: धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. माझं मत, तो तक्ता आधी फाडा. हिंदूंच्या रांगेत संस्थापक कोण लिहिणार? ज्यूंचा अब्राहम की मोझेस? हा अंगरखा ख्रिस्ती आणि इस्लामच्या मापाने शिवलेला आहे, बाकीच्यांना तो काखेत काचतो.

त्याऐवजी पहिला दिवस किल्ल्यावर, त्या दिवशी सव्वा तासाचं बंधन नाही. सकाळी लवकर उरवाई दरवाजाने चढायचं, तिथल्या कड्यात कोरलेल्या, तोमर राजांच्या काळातल्या जैन मूर्ती पाहायच्या. वर दाता बंदीछोड गुरुद्वारा, मग सास-बहू मंदिरं, मग मानमंदिर महाल. उतरताना ग्वालियर दरवाजाच्या वाटेवर चतुर्भुज मंदिर आणि शेवटी हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौसांचा मकबरा. चतुर्भुजला सगळे शिलालेखात कोरलेलं जुनं शून्य दाखवायला नेतात, पण इ.स. ८७६चा तो लेख काय सांगतो? देवाच्या बागेची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा. म्हणजे धर्मात माळी आला, जमीन आली, रोजचा हिशेब आला. तक्त्यात याला रकाना नाही.

भांडणं तिसऱ्या दिवशी. तीही इथलीच.

हजिरा_चौक
किल्ला ठीक, भांडणं नकोत. उरवाईला मुलांना काय सांगणार? १५२८मध्ये बाबर आला, मूर्ती नग्न आहेत हे त्याला खटकलं आणि त्या फोडायचा हुकूम दिला. हे 'बाबरनाम्या'त आहेच. तेरा वर्षांचं पोर एवढंच घेऊन घरी जाणार, आणि वर्गात मुसलमान मुलगा असेल तर मधल्या सुट्टीत हिशेब त्याच्याकडून मागितला जाणार. सव्वा तासात कारणमीमांसा होत नाही, फक्त यादी होते. कोणी कोणाचं काय फोडलं याची यादी मुलांकडे व्हॉट्सअॅपवरून आधीच पोचलेली आहे.

दौलतगंज
@हजिरा_चौक, यादी पोचलेली आहे म्हणूनच तर. आपण गप्प बसल्याने ती फोनमधून पुसली जात नाही.

गौसांच्या मकबऱ्याला शेवटी न्यायचं कारण हेच. बाबराच्या सैन्याला हा किल्ला मिळाला त्यात याच सूफींचा हात होता, आणि 'अमृतकुंड' हा योगावरचा ग्रंथ फारसीत आणला तोही यांनीच. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी समोर ठेवल्या की 'ते' हा शब्द मुलांच्या तोंडात अडखळतो.

दुसरं ठिकाण म्हणजे किल्ल्यातला तुरुंग. जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना इथे ठेवलं. औरंगजेबाने स्वतःचा सख्खा भाऊ मुराद इथेच डांबला आणि १६६१मध्ये मारवला. तुरुंग तोच, गादीचा प्रश्न तोच. मुलांना सांगायचं ते हेच की धर्म हे निमित्त असतं, भांडण सत्तेचं असतं.

छावणीतली
तुमचं शेवटचं वाक्य मुलांना शिकवू नका दादा. ते यादीइतकंच घातक आहे.

बाबराने उरवाईच्या मूर्ती गादीसाठी फोडल्या नाहीत. तोमरांचं राज्य तोवर संपलेलं होतं आणि दगडी तीर्थंकर कुठल्या सिंहासनावर हक्क सांगत नव्हते. त्याला मूर्तीच नको होत्या. दुसरीकडे शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव, ज्यांना जहांगीराने १६०६मध्ये मारवलं. जहांगीर स्वतःच्या आठवणींत दोन गोष्टी लिहितो: हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांच्या नादी लागत होते हे त्याला आधीपासून सलत होतं, आणि बंडखोर शहजादा खुसरोच्या कपाळाला त्यांनी केशराचा टिळा लावला. एका कारणात श्रद्धा आहे, दुसऱ्यात गादी, आणि लिहिणारा दोन्ही एका दमात सांगतो. मुलांनी नेमकं हे वेगळं करायला शिकायचं. 'सगळं राजकारणच' म्हटलं की मूल विचार करायचं थांबतं, फक्त सभ्यपणे थांबतं एवढंच.

युरोपातून एक उदाहरण घ्यायचं तर तीस वर्षांचं युद्ध घ्या, १६१८ ते १६४८. सुरुवात प्रोटेस्टंट विरुद्ध कॅथलिक अशी. १६३५मध्ये कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उघड उतरला, आणि फ्रान्सचा कारभार पाहत होता चर्चचाच कार्डिनल, रिशेल्यू. मुलांकडून प्रत्येक देशापुढे दोन खुणा करून घ्या, धर्म कोणता आणि बाजू कोणती. पहिली दहा-पंधरा वर्षं खुणा बऱ्याचशा जुळतात, पुढे जुळत नाहीत. कधीपासून हे त्यांनीच शोधावं.

माधवगंज
कायद्याचं थोडं. शाळेची जागा घेणार असाल तर घटनेचं कलम २८ मध्ये आणतील. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. पण धर्माचं शिक्षण वेगळं आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं, हा फरक कोठारी शिक्षण आयोगाने केला होता, आणि २००२च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांविषयी शिकवायला हरकत घेतली नाही. तरी संमतीपत्र घ्याच, चारही दिवसांचे विषय त्यावर लिहून. नॉर्वेत 'सर्व धर्मांचा' म्हणवणारा विषय २००७मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात हरला (९ विरुद्ध ८): ख्रिस्ती धर्माला झुकतं माप होतं, आणि मुलाला थोडक्या भागातून सोडवून घ्यायचं तर पालकांच्या नाकी नऊ येत होते. आपल्याकडे झुकतं माप कोणत्या बाजूला पडेल हे सांगायला नको.

हजिरा_चौक
छावणीतली ताईंचं पटलं, पण हे शिकवणार कोण? विषय चुकत नाही, शिकवणारा चुकतो. ठरलेल्या चुका: वर्गातल्या एकुलत्या एका शीख मुलाला उभं करून "तुमच्यात काय करतात रे?" विचारणं. त्याला माहीत नसतं, तो ओशाळतो, किंवा ठोकून देतो आणि तेच सगळे वहीत उतरवतात. दुसरी, शीरखुर्मा आणि केक खाऊन सर्वधर्म आटोपणं. तिसरी, "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात". जैन जगाचा कर्ता मानत नाहीत, बौद्ध नित्य आत्मा मानत नाहीत. मग एकच काय सांगतात?

आणि उत्तर आयर्लंड विसरू नका. १९६८मध्ये कॅलेडन गावात नगरपालिकेचं एक घर कोणाला दिलं यावरून तिथल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाची ठिणगी पडली. लेकुरवाळी कॅथलिक कुटुंबं ताटकळत असताना ते एका अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं. तिथे धडे कमी पडले नव्हते, मुलं वेगळ्या शाळांत जात होती. पहिली एकत्र शाळा, लॅगन कॉलेज, १९८१मध्ये निघाली ती २८ मुलांवर. तुमच्या २४ मुलांत मराठी ब्राह्मण आणि मराठे सोडून कोण आहे, ते आधी सांगा.

दौलतगंज
प्रश्न रास्त आहे. २४ पैकी १२ जागा मंडळाबाहेरच्या मुलांना, हे मी मसुद्यात घालतो. घरोघर जाऊन सांगावं लागेल, पत्रकाने कोणी येणार नाही.

'धर्म हे निमित्त' हे वाक्य मागे घेतलं. तिसऱ्या दिवसाची रीत अशी ठेवू: सहा-सहाचे चार गट, प्रत्येकाला एक घटना आणि चार कागद. कागदावर लिहिणारा कोण, कधी लिहिलं, कोणासाठी, हे ठळक. मुलांनी कारणं चार पाट्यांखाली लावायची: जमीन-घर-पैसा, गादी, श्रद्धा, जुनी आठवण. एक कारण दोन पाट्यांखाली गेलं तरी चालेल, पण एकही पाटी न तपासता सोडायची नाही. शिकवणाऱ्याने वाक्यांचा सूरही सांभाळायचा. "गुरू हरगोविंदांबरोबर ५२ राजे सुटले असं शीख परंपरा सांगते" आणि "मुरादला इथे मारलं" ही वाक्यं एका ठेक्यात बोलली की मुलांना पुरावा आणि परंपरा यांतला फरक कळत नाही.

छावणीतली
पाट्या चांगल्या. उरवाईची तयारी मात्र आदल्या दिवशी करा. सर्वांत मोठी मूर्ती सुमारे ५७ फुटांची आहे, आणि दिगंबर म्हणजे काय, अपरिग्रह म्हणजे काय हे आधी सांगितलं नसेल तर मुलं खिदळतील. जैन घरचं मूल सोबत असेल तर तिथेच बिनसेल.

मग जवळ नेऊन चेहरे दाखवा. फुटलेली तोंडं जैनांनी पुढे गिलावा करून घडवली. धड एका हातचं, चेहरा दुसऱ्या. सांधा कुठे आहे ते मुलांना शोधू द्या, बोट दाखवू नका. कोणी फोडलं हे ती विचारतीलच. जोडलं कोणी, हे कोणी विचारतं का ते पाहा.

हजिरा_चौक
आणि नाही विचारलं तर?

छावणीतली
तर बाबराचा कागद त्या दिवशी काढायचा नाही. आधी गुरुद्वाऱ्यात जा, डोकं झाकायला रुमाल २४च्या जागी ३० न्या, दोन-चार वाऱ्याने उडतातच.